आजचं चिंतन : घोडे सोडण्याची वेळ



गेले दोन आठवडे आपण द्रोणपर्व वाचतोय, आणि आज युद्धाच्या चौदाव्या दिवसाच्या दुपारी येऊन पोचलोय. आदल्या दिवशी अभिमन्यू गेला. अर्जुनाने शपथ घेतली की उद्या सूर्यास्ताच्या आत जयद्रथाला मारीन, नाहीतर स्वतः अग्नीत शिरेन. जयद्रथ कौरवसैन्याच्या पार मागे, व्यूहाच्या आड. मध्ये द्रोणाचार्य, कृतवर्मा, हत्ती, रथ, सगळं. ऊन कलायला लागलंय आणि जयद्रथ अजून लांब आहे. आपण ऑफिसात दिवसातून दहा वेळा ‘डेडलाइन’ म्हणतो; इथे ती खरोखर जिवावरची आहे.

आणि अशा वेळी अर्जुन कृष्णाला म्हणतो की घोडे थकलेत, बाणांनी घायाळ झालेत. त्यांना सोडून अंगातले बाण काढले तर? कृष्ण म्हणतो, माझ्याही मनात तेच होतं.

पुढचा भाग मी आज सकाळी तीनदा वाचला. अर्जुन रथातून खाली उतरतो. गांडीव घेऊन जमिनीवर, पायी, एकटा उभा राहतो आणि तुटून पडणाऱ्या सैन्याला थोपवून धरतो. कृष्ण सांगतो, इथे घोड्यांना पाणी नाही. त्यांना अंघोळ नको, प्यायला पाणी हवंय. अर्जुन बाणाने जमीन फोडून तळं काढतो, बाणांचाच आडोसा उभा करतो. त्या आडोशात कृष्ण घोडे सोडतो, स्वतःच्या हातांनी एकेक बाण उपसतो, त्यांचं अंग चोळतो, फिरवतो, पाणी पाजतो, चारा घालतो. शीण गेल्यावर पुन्हा जुंपतो. हे सगळं भर रणांगणात, वैऱ्यांच्या देखत, आणि चेहऱ्यावर हसू. कौरवांकडचे वीर बघतच राहिले.

तळ्याचा चमत्कार घटकाभर बाजूला ठेवूया. मला त्यातली कामाची वाटणी बघायची आहे. एरवी कृष्ण अर्जुनाला सांभाळतो, असं आपण म्हणतो. इथे काही काळ उलटं आहे. कृष्णाचे दोन्ही हात घोड्यांत गुंतलेत, हातात शस्त्र नाही, पाठ शत्रूकडे. त्याला निश्चिंतपणे काम करता यावं म्हणून अर्जुन उभा आहे. भक्त देवाला पहारा देतोय! आणि अर्जुन उभा राहू शकतो, कारण घोड्यांची काळजी आता त्याची नाही. ती योग्य हातात आहे. कोण कुणाला आधार देतोय हे त्या घटकेत सांगताच येत नाही. दोघांपैकी एकानेही ‘तू खचू नकोस, होईल सगळं’ असं म्हटलेलं नाही, हेही बघा.

आपल्या ऑफिसांमध्ये नेमकं हेच वाक्य सगळ्यात जास्त बोललं जातं. ‘टेन्शन घेऊ नको यार.’ ‘पॉझिटिव्ह राहा.’ ‘काही लागलं तर सांग हां.’ यातलं शेवटचं वाक्य मनापासून असतं, मला माहितीये. पण ते ऐकणाऱ्याला आणखी एक काम देतं. काय लागणार आहे ते त्याने ठरवायचं, कुणाला सांगायचं ते ठरवायचं, मग लाज बाजूला ठेवून तोंड उघडायचं. दमलेला माणूस हे तिन्ही करत नाही. तो म्हणतो, ‘नाही नाही, मी करतो मॅनेज.’ घोडे बोलत नाहीत. अर्जुनाला ते दिसले, एवढंच.

इथे एक शब्द आठवला, म्हणून जरा आडवाट. ‘करू लागणे’ म्हणजे सुरुवात करणे, असं आपण शहरात धरतो. पण माझी आजी म्हणायची, ‘जा, काकूला भाकऱ्या करू लाग.’ म्हणजे सुरुवात कर नव्हे. तिला मदत कर. पाण्याला जाऊ लाग, वाल सोलू लाग, दळू लाग. या ‘लागण्या’त सल्ला नाही, विचारपूस नाही, सरळ हात लागतो. जनाबाईच्या गोष्टीतला विठ्ठलही असाच आहे. तिच्या जात्यापाशी येऊन तो उपदेश करत नाही, खुंट्याला हात घालतो. आपल्या भाषेत मदतीसाठी हा इतका नेमका शब्द होता आणि आपण तो ‘सपोर्ट’च्या नादात विसरत चाललोय.

मग ऐकून घेणं, धीर देणं फुकट का? तसं अजिबात नाही, आणि इथे गीतेकडे वळावं लागेल. पहिल्या अध्यायात अर्जुन खचतो, हात थरथरतात, धनुष्य गळून पडतं. त्या अख्ख्या अध्यायात कृष्णाच्या तोंडी जेमतेम अर्धा श्लोक आहे, तोही अर्जुन कोसळण्याआधीचा. बाकी वेळ तो ऐकतो. दुसऱ्या अध्यायाच्या सुरुवातीला दोन श्लोकांत तो अर्जुनाला चांगलाच फटकारतो, आणि गंमत म्हणजे त्याचा लगेच काही उपयोग होत नाही. अर्जुन पुन्हा आपलंच म्हणणं मांडतो. पण त्या मांडण्यातच तो म्हणतो की मला कळत नाहीये, मी तुझा शिष्य आहे, सांग. त्यानंतर गप्प बसतो. उपदेश खऱ्या अर्थाने सुरू होतो तो त्याच्या पुढे. विचारलं, मग सांगितलं. आपल्याकडे सांगणं आधी असतं. शेजारच्या डेस्कवरची मुलगी नुसतं ‘आज झोप नाही झाली’ म्हणाली की पाच मिनिटांत तिला अश्वगंधा, प्राणायाम, झोपेचं ॲप आणि राजीनामा, असे चारही उपाय मिळालेले असतात.

आता माझ्या कामावरची एक गोष्ट सांगते. कंपनीचं नाव महत्त्वाचं नाही, पुण्यात अशा शंभर असतील. आम्ही सहा जण एका परदेशी क्लायंटची पेमेंटची सिस्टिम सांभाळतो. रात्री काही बिघडलं तर एकाचा फोन वाजतो, त्याला आम्ही ऑन-कॉल म्हणतो. आठवड्याआठवड्याने पाळी फिरते. गेल्या ऑक्टोबरात जुनी सिस्टिम काढून नवी बसवण्याचं मोठं काम आलं. तारीख वरूनच ठरून आली होती, आम्हाला कुणी विचारलं नव्हतं. त्याच आठवड्यात आमच्यातल्या एका मैत्रिणीच्या वडिलांना अकोल्यात अर्धांगाचा झटका आला. ती रात्रीच्या बसने गेली आणि लॅपटॉप बरोबर घेऊन गेली. पहिल्या दोन रात्री तिने हॉस्पिटलच्या जिन्यात बसून कॉल घेतले.

मॅनेजर म्हणाले, ‘आपापसात ॲडजस्ट करा.’ ग्रुपवर हात जोडलेल्या इमोजींची रांग लागली, आणि आम्ही सगळ्यांनी लिहिलं, ‘काही लागलं तर सांग.’

आमच्यात एक सीनियर आहेत, वयाने चाळिशीचे, त्यांना सगळे दादाच म्हणतात. दादांनी ग्रुपवर काही लिहिलं नाही. दुपारी त्यांनी एक शीट उघडली, पुढच्या एकवीस रात्री ओळीने मांडल्या, तिच्या वाट्याच्या रात्री पिवळ्या केल्या, त्यातल्या दोन स्वतःच्या नावावर घातल्या आणि आम्हाला म्हणाले, ‘तुमचं लिहा.’ दहा मिनिटांत शीट भरली. मग त्यांनी तिला फोन केला. मी बाजूलाच होते. ते एवढंच म्हणाले, ‘हे बघ, महिनाअखेरीपर्यंत तुझा फोन वाजणार नाही. आज मला वीस मिनिटं दे, तुझ्याकडचं काय काय अर्धवट आहे ते सांग. मग लॅपटॉप बंद करून बॅगेत टाक.’

ती वीस मिनिटं मला फार महत्त्वाची वाटतात, आणि का ते सांगायला मला गावच्या सप्ताहात जावं लागेल.

तुमच्यापैकी जे गावाकडचे आहेत त्यांनी वीणेचा पहारा पाहिलेला असेल. ज्यांनी नाही पाहिला त्यांच्यासाठी सांगते: अखंड हरिनाम सप्ताहात सात दिवस वीणा खाली ठेवायची नाही, असा नेम असतो. पहाटेचा काकडा, पारायण, हरिपाठ, रात्रीचं कीर्तन, हे सगळं येतं-जातं. वीणा मात्र रात्रंदिवस कुणाच्या तरी गळ्यात असते आणि तो माणूस उभा असतो. आमच्याकडे मंडपाच्या खांबावर कागद लावलेला असतो, दोन-दोन तासांचे पहारे आणि पुढे नावं. आजोबांचा पहारा ठरलेला, रात्री दोन ते चार. लहानपणी मी एकदा हट्टाने त्यांच्याबरोबर गेले होते. मंडप रिकामा, चारदोन म्हातारे घोंगडी पांघरून लवंडलेले, आणि एक काका वीणा घेऊन उभे. आजोबा गेले, वीणेला नमस्कार केला, त्या काकांच्या पाया पडले. काका आजोबांच्या पाया पडले. मग काकांनी गळ्यातला पट्टा काढून आजोबांच्या गळ्यात घातला. पण आजोबांची बोटं तारेवर नीट येईपर्यंत काकांनी वीणेचा हात सोडला नाही. नाम दोघांच्याही तोंडून चालूच. कुठे संपलं आणि कुठे सुरू झालं, कळलं नाही.

बरं, यात उपकार कुणी कुणावर केला? काकांनी आजोबांसाठी उभं राहून उपकार केला, की आजोबांनी काकांना झोपायला पाठवून? हा प्रश्न तिथे कुणाला सुचणारच नाही. कागदावर नावं आहेत, ज्याची त्याची पाळी आहे. वीणा कुणा एकाची नाही, म्हणून ती खाली ठेवून जाणंही कुणा एकाच्या हातात नाही. आणि पहारा संपल्यावर जो घरी जाऊन झोपतो त्याला अपराधी वाटत नाही. उलट तो झोपला नाही तर उद्या पुन्हा उभा कसा राहणार?

सहकाऱ्याला आधार देणं म्हणजे मनाचा मोठेपणा, असं आपण धरून चालतो, आणि मला वाटतं गोंधळ तिथेच होतो. मोठेपणा म्हटला की देणारा वर जातो, घेणारा खाली. घेणाऱ्याला संकोच होतो, तो शक्य तितका टाळतो, आणि घेतलंच तर त्याचं ओझं बाळगतो. पाळी म्हटलं की ही उतरंडच राहत नाही. आमची ती मैत्रीण नोव्हेंबरात परत आली. वडील घरी आले होते, बोलणं थोडं अडखळत होतं, पण सुधारत होते. ती येताना सगळ्यांसाठी संत्र्याची बर्फी घेऊन आली आणि डोळ्यांत पाणी आणून दादांना म्हणाली, ‘हे सगळं मी फेडू कसं?’ दादा बर्फी खाता खाता म्हणाले, ‘फेडतेस काय? शीट बघ. डिसेंबरात माझ्या मेहुणीचं लग्न आहे, दोन रात्री तुझ्या नावावर टाकल्यात.’ ती रडता रडता हसायला लागली. त्या दिवशी तिच्या खांद्यावरून खरंच काहीतरी उतरलं, आम्ही सगळ्यांनी पाहिलं.

इथवर सगळं गोड आहे. पण आमच्या रविवारच्या वाचनात मी हे सांगितलं तेव्हा एका तरुण मुलाने जो प्रश्न विचारला, तो मला आठवडाभर सोडत नव्हता. तो म्हणाला, ‘ताई, तुम्ही असं एकमेकांचं उचलत राहिलात तर कंपनी सातवा माणूस कशाला घेईल? ज्यांनी अवास्तव तारीख दिली त्यांना काहीच झळ लागली नाही. तुमच्या चांगुलपणावर त्यांचं भागलं. मग हा चांगुलपणा कुणाच्या सेवेला लागला?’

प्रश्न खरा आहे, आणि ‘आपण आपलं कर्म करावं, फळ देवावर सोडावं’ असं म्हणून तो उडवून लावणं मला गीतेचा अपमान वाटतो. सोसणं म्हणजे भक्ती, असं आपल्या परंपरेच्या नावावर खूपदा खपवलं जातं. आणि जास्त करून ते सोसणाऱ्यालाच ऐकवलं जातं.

उत्तर मला परवाच्या वाचनात सापडलं. प्रतिज्ञेच्या रात्री कृष्ण काय करतो ते आठवा. सगळ्यात आधी तो अर्जुनाला स्पष्ट सांगतो की माझ्याशी न बोलता तू हा शब्द देऊन बसलास, हा भार फार मोठा आहे, उद्या लोक आपल्याला हसले तर? समोर कोण आहे, तर ज्याचा मुलगा त्याच दिवशी मारला गेलाय तो बाप. तरीही कृष्ण भार हलका करून सांगत नाही. हेर पाठवून कौरवांची तयारी काय आहे ती माहिती त्याने आधीच काढलेली असते, तीही समोर ठेवतो. आणि त्यानंतर, रात्री, सगळे झोपल्यावर, तो आपल्या सारथ्याला, दारुकाला, बोलावतो. माझा रथ शस्त्रं घालून तयार ठेव, उद्या माझ्या शंखाचा ठराविक आवाज ऐकलास की घेऊन ये. अर्जुनाला हे तो सांगतही नाही.

म्हणजे दोन्ही आहे. भार जास्त आहे हे तोंडावर सांगणं आहे, आणि तरी साथ न सोडणं आहे. आपल्यात बहुतेक माणसं यातलं एकच करतात. काही जण फक्त कटकट करतात, तीही चहाच्या टपरीवर, जिथे ज्याने ऐकायचं तो नसतो. आणि काही जण फक्त निमूट उचलत राहतात. पहिल्यांच्या बोलण्याने कुणाचा भार कमी होत नाही. दुसऱ्यांमुळे भार दिसेनासा होतो, आणि माझ्या मते हे जास्त धोक्याचं आहे. दिसतच नसेल तर कमी कोण करणार?

दादांनी शीट भरल्याच्या दुसऱ्या दिवशी मॅनेजरना मेल लिहिला होता, आम्हा सगळ्यांना समोर ठेवून. सहा जणांच्या रात्री पाच जण करतायत, कोण किती करतंय ते सोबत जोडलंय, त्यामुळे ठरलेल्या तारखेला या या दोन गोष्टी होणार नाहीत. तक्रारीचा सूर नाही, आवाज चढवलेला नाही. मॅनेजर खूश झाले नाहीत. तारीख हलली नाही. पण त्या दोनपैकी एक गोष्ट, एक मोठा रिपोर्ट, पुढच्या टप्प्यावर ढकलला गेला. सातवा माणूस अजून आलेला नाही. एप्रिलमध्ये वार्षिक रेटिंग लागलं तेव्हा दादांना मधलंच मिळालं, कारण आमच्याकडे कोणी किती टिकिटं बंद केली ते मोजतात. दुसऱ्याच्या रात्री किती जागवल्या, याचा रकानाच नाही. मला याचा राग आहे, आणि अध्यात्म करते म्हणून तो गिळून टाकावा असं मला वाटत नाही. दादा स्वतः म्हणतात, ‘रकाना मागूया ना, पुढच्या मीटिंगला.’

या रकान्यामुळेच मला शल्य आठवतो. कर्णपर्व अजून दूर आहे, पण गोष्ट तुम्हाला माहीत आहे. कृष्णासारखा सारथी हवा म्हणून कर्णाने शल्याला मागून घेतलं. घोड्यांच्या बाबतीत शल्य कृष्णाच्या तोडीचा. पण सूतपुत्राचा रथ हाकायचा हा त्याला अपमान वाटला, आणि मी मनाला येईल ते बोलेन या अटीवरच तो तयार झाला. शिवाय कर्णाचं तेज खच्ची करायचा शब्द त्याने युधिष्ठिराला आधीच दिलेला होता. त्याने रथ उत्तम हाकला. आणि हाकता हाकता तो कर्णाला टोचत राहिला: हंसाशी स्पर्धा करणाऱ्या कावळ्याची गोष्ट, अर्जुनाची स्तुती, कुळावरून टोमणे. आजच्या पद्धतीने मोजायचं तर शल्याचं काम शंभर टक्के पूर्ण आहे. एकही टिकीट उघडं नाही. शेवटी चाक जमिनीत रुतलं तेव्हा ते उचलायला कर्ण स्वतः खाली उतरला. आज अर्जुनही रथातून खाली उतरलाय, पण त्याच्या मागे आडोशात कृष्ण आहे. खाली उतरण्या-उतरण्यात फरक असतो.

शल्य प्रत्येक टीममध्ये असतो, आणि तो बहुधा हुशार असतो. ‘एवढं साधं तुला जमलं नाही?’ हे तो विनोदात म्हणतो. त्याला उलट उत्तर देऊन फार काही होतं असं मला वाटत नाही. ज्याला टोचलं जातंय त्याच्या बाजूला जाऊन बसणं मात्र जमण्यासारखं आहे.

कुणी म्हणेल, पण तिसऱ्या अध्यायात आपलाच धर्म पाळावा, दुसऱ्याचा धर्म भयंकर असं आहे ना? मग दुसऱ्याचं काम आपण का करावं? त्याच अध्यायात यज्ञाबद्दल बोलताना एकमेकांना पोसण्याची, एकमेकांमुळे वाढण्याची कल्पनाही आहे, हे विसरायला नको. आणि कृष्णाने धनुष्य उचलून अर्जुनाच्या ऐवजी जयद्रथाला मारलं नाही. त्याने लगाम धरला, घोडे पाजले, बाण अर्जुनालाच मारू दिला. मैत्रिणीच्या रात्री आम्ही घेतल्या, पण ती करत असलेल्या कामाचा आराखडा आम्ही आपल्या मताने बदलला नाही. तो ती येईपर्यंत जसाच्या तसा ठेवला. मदतीच्या नावाखाली दुसऱ्याचं कामच काढून घेणारी माणसंही असतात, त्याने तो माणूस उलट आणखी खचतो.

अजून एक. प्रत्येक थकवा सहकाऱ्यांच्या पाळीने भरून निघत नाही. २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ‘बर्नआउट’ची नोंद आपल्या वर्गीकरणात घेतली ती आजार म्हणून नाही, तर कामाच्या ठिकाणच्या, नीट न हाताळल्या गेलेल्या सततच्या ताणातून येणारी अवस्था म्हणून. म्हणजे कारण माणसात नाही, कामात शोधा, असं त्यांचंही म्हणणं. पण एखादा जेवेनासा झाला, बोलेनासा झाला, ‘मी नसलो तर बरं’ अशी भाषा करायला लागला, तर तिथे शीट पुरत नाही. त्याला एकटं सोडू नका, त्याच्या घरच्यांना कळवा, डॉक्टरांकडे घेऊन जा. सरकारची टेलि-मानस ही हेल्पलाइन १४४१६ वर चोवीस तास, फुकट असते. नंबर आत्ताच फोनमध्ये घालून ठेवा, पारायण नंतर होईल.

दारुकाने तयार ठेवलेल्या त्या रथाचं पुढे काय होतं, ते सांगून थांबते. तो रथ कृष्णाने अर्जुनाच्या काळजीपोटी सज्ज करवला होता. अर्जुनाला त्याची गरजच पडत नाही. संध्याकाळी सात्यकी दमून, रथ गमावून उभा असतो आणि समोरून कर्ण येत असतो. तेव्हा कृष्ण शंख वाजवतो, दारुक रथ घेऊन येतो, आणि त्यावर सात्यकी चढतो. एकासाठी ठेवलेलं दुसऱ्याच्या उपयोगी पडतं. आमची ती शीट अजून चालू आहे. गेल्या महिन्यात एका मुलाला डेंग्यू झाला तेव्हा कुणी काही विचारलं नाही, रकाने आपोआप भरले.

पण सात्यकी तिथे पोचला कसा, हाही मोठाच प्रश्न आहे. अर्जुनाने त्याला युधिष्ठिराच्या रक्षणासाठी मागे ठेवलेलं असतं. तो मदतीला आलेला पाहून अर्जुन खूश होत नाही. म्हणतो, मग राजाजवळ कोण आहे? एकाला हात द्यायला गेलेल्या माणसाची मागची जागा कोण धरणार, याचा विचार आमच्या शीटमध्येही नेहमी शेवटी होतो. उद्याच्या वाचनात तोच भाग आहे. युधिष्ठिराला लांबून पांचजन्याचा आवाज येतो, गांडीवाचा येत नाही, आणि त्याचा जीव कासावीस होतो. सात्यकीला तो जायला सांगतो तिथपर्यंत वाचून या.

राम कृष्ण हरी.